‘बरोबर आहे, सर’ म्हणायला मनाई

प्रा. योहान वामनराव रंगारी सरांची आणि माझी पहिली भेट मच्छरदाणीवरून झाली.

भर उन्हाळ्याची दुपार. गांधीबागेच्या कापडबाजारात त्या वेळेला गिऱ्हाईक सोडा, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी दुकानात गादीवर पेंगत बसलो होतो. तेवढ्यात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेले एक उंच गृहस्थ पायऱ्या चढून आले आणि म्हणाले, “कापड पाहिजे. चार कोपऱ्यांचं.”

“साहेब, कापडाले चारच कोपरे राहतात,” मी म्हटले.

“ते खरं. पण मला चारही कोपऱ्यांना दोऱ्या लटकवायच्या आहेत.”

मी उठलो आणि मच्छरदाण्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. गुलाबी, हिरवी, सिंगल, डबल. सरांनी एकूण एक उलगडून पाहिली, कारण दुकानदाराचे मन मोडणे त्यांना जमत नाही. मग हळूच म्हणाले, “यातून तर आरपार दिसते. मला हे अंगावर घेऊन वर्गासमोर उभं राहायचं आहे.”

भानगड अशी होती. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, एका आजारी बाईची गोष्ट आहे. गर्दीतून मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. सरांचे म्हणणे, ती नुसत्या कापडाला शिवली नाही. त्या काळचा धार्मिक ज्यू माणूस अंगावरच्या वस्त्राच्या चारही कोपऱ्यांना गोंडे लावायचा, दिसले की देवाच्या आज्ञा आठवाव्यात म्हणून. बाईने हात घातला तो त्या गोंड्याला. हे वर्गाला डोळ्यांनी दाखवायचे म्हणून स्वारी भर उन्हात कापड शोधत निघाली होती.

मी आपला साधा दुकानदार. म्हटले, “साहेब, काठ असो का गोंडा, बाई बरी झाली ना? मग फरक काहून पडते?”

सरांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू हरवलेला भाऊ सापडला. स्टूल ओढले आणि बसले. “फरक असा पडतो, की आमच्या चर्चच्या चित्रात येशू लाँड्रीतून आल्यासारखा दिसतो. गोंडा नाही, काही नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस कुठून तरी परगावाहून आला आणि तिथल्या लोकांना झापून गेला. गोंडा लावला की समजते, हा त्यांच्यातलाच होता. त्यांच्याच घरात जेवला, त्यांच्याच घरात भांडला.”

गोंडे म्हणून माझ्याकडे पडद्यांचे सोनेरी गोंडे तेवढे होते. तेच दिले. पुढच्या बुधवारी सर पांढरी चादर आणि चार सोनेरी गोंडे लेवून वर्गापुढे उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, “सर, कोणाची वरात आहे जी?”

या बुधवारच्या वर्गावरच आज लिहायचे आहे. सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव समितीने मला सांगितले, मधुकरराव, सरांच्या विद्वत्तेबद्दल बाकीचे लिहितीलच, तुम्ही आपले जिव्हाळ्याचे काही लिहा. सरांचा जिव्हाळा म्हणजे तो वर्ग. आणि तो एकदा बंद पडता पडता राहिला.

सरांनी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला. घरी मात्र वेगळाच उद्योग चालायचा. ज्यू धर्माचे जे जुने गुरुजन, ज्यांना रब्बी म्हणतात, त्यांचे वादविवाद वाचायचे आणि त्या उजेडात शुभवर्तमान पुन्हा वाचायचे. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्यांनी दर बुधवारी संध्याकाळी वर्ग सुरू केला. सर्वांना मुभा. मी देवळात जाणारा माणूस, मॅट्रिकच्या पुढे शाळा पाहिली नाही, दुकानात रद्दीतून आलेले जे हाती लागेल ते वाचून शहाणा झालेला. तरी सरांनी मला आग्रहाने बोलावले आणि पहिल्याच दिवशी स्वतःसमोर बसवले.

“रब्बींच्या शाळेत एकट्यानं वाचत नाहीत,” ते म्हणाले. “दोघं समोरासमोर बसतात, मध्ये ग्रंथ. एकानं बोललं की दुसऱ्यानं खोडायचं. माझे शिकलेले मित्र नंदीबैलासारखी मान डोलावतात. तुम्ही दुकानदार आहात. समोरच्याचं पहिलं बोलणं मान्य करायची तुम्हाला सवयच नाही.”

त्या वर्गाचा नियम तिथेच ठरला. ‘बरोबर आहे, सर’ असे जो म्हणेल, त्याने पुढच्या बुधवारी सर्वांसाठी चिवडा आणायचा. सुरुवातीला लोक शिष्टाचारापोटी म्हणायचे, आणि आम्ही महिनोन् महिने चिवड्यावर जगलो. हळूहळू मंडळी शहाणी झाली. सर काहीही बोलले की चारही कोपऱ्यांतून “कसं काय?” असा आवाज यायला लागला आणि सरांचा चेहरा फुलायला लागला. दुसऱ्या कोणाला विरोध झाला की ताप येतो. यांचा उतरतो.

पुढे मी दुकान मुलाच्या हाती दिले आणि हुडकेश्वरला राहायला गेलो. सरांचे घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मग काय, बुधवार कमी पडायला लागला. रोज सकाळी सरांच्या ओट्यावर आमची जोडी बसायची. एके दिवशी मळ्याची गोष्ट निघाली. मालकाने मळा लावला, कुळांना कसायला दिला, आपला हिस्सा मागायला माणसे पाठवली, कुळांनी त्यांना मारून पिटाळून लावले. शेवटी मालकाने स्वतःचा मुलगा पाठवला, तर त्याला ठारच मारले. शुभवर्तमानातली ही गोष्ट अवघड आहे, आणि अवघड ओळ आली की आमचे आवाज चढतात.

“अहो, वारसालेच मारलं, तर मळा कोणाचा मग?” मी ओरडलो.

“मळा मालकाचाच! कुळं बदलली म्हणून मळा बदलत नाही!” सर माझ्यापेक्षा मोठ्याने.

“मारनाऱ्याले तुम्ही सोडून देऊन राहिले!”

“मी कोणालाच सोडलं नाही! तुम्ही सगळ्या गावाला फासावर चढवून राहिले!”

शेजारी देवतळे काका राहतात. भूमी अभिलेखमधून निवृत्त. ते बनियनवरच कुंपणाशी आले. चेहरा पांढराफटक.

“सर, आवाज खाली घ्या. रस्त्यानं लोक जाऊन राहिले. मारामारी झाली, वाईट झालं. पण आता वाटणीचं शांततेनं पाहा. माझ्या ओळखीचे वकील आहेत.”

एस्तेरवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. वहिनी मूळच्या कुहीकडच्या. त्या म्हणाल्या, “काका, काई जीव नका काढू. यायचा मळा दोन हजार वर्साआंधीचा आहे. थो पन दुसऱ्या देशात.”

भूमी अभिलेखचा माणूस असा हार जाणार थोडाच. देवतळे काकांनी विचारले, “असू द्या ना. सातबारा कोणाच्या नावावर आहे?”

सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी कुंपणावरूनच काकांचे दोन्ही हात धरले. “हाच! हाच प्रश्न आहे, काका! कितीतरी पिढ्या लोकांनी ही गोष्ट अशी वाचली, की देवानं सातबारा ज्यू लोकांच्या नावावरून कापला आणि आमच्या नावावर चढवला. पण राजाची गोष्ट, मळ्याची गोष्ट रब्बीही सांगत. ऐकणाऱ्याला अशा गोष्टींची सवय होती. ही रागावलेली गोष्ट आहे, पण राग कुळांवर, म्हणजे तेव्हाच्या धर्माच्या कारभाऱ्यांवर आहे. घरातल्या सगळ्या लेकरांवर नाही. फेरफार कुठंच नोंदलेला नाही!”

“फेरफार नसंन तर ताबा चालत नाही,” काका गंभीरपणे म्हणाले. पुढच्या बुधवारपासून तेही वर्गाला यायला लागले.

हसण्यावारी नेले तरी सरांचा कणा या गोष्टीत आहे. शुभवर्तमानातली भांडणे ही परक्याशी झालेली भांडणे नव्हेत, आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत, हे सरांचे सांगणे. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणे, दाखला देणे, वचनावर वचन घालून समोरच्याला अडवणे, ही त्या घरातली बोलायची रीत होती. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही. पण बाहेरच्याने फक्त काठीचा आवाज ऐकला आणि वैर आहे असे धरून चालला, तर त्याचे पुढे काय काय होते, ते जगाने पाहिले आहे. एकदा वर्गात कोणी ज्यू लोकांवर सहज टोमणा मारला. एरवी सगळ्या टोमण्यांना टाळी देणाऱ्या सरांनी त्या दिवशी हात मागे घेतला. एवढेच म्हणाले, “येशूच्या शेवटच्या भोजनाच्या पंगतीला बसलेले सगळे ज्यू होते. ज्यानं भाकर मोडली, तोही.” त्या संध्याकाळी चिवडा कोणी खाल्ला नाही.

आणि सरांची आणखी एक शिस्त सांगितली पाहिजे, नाहीतर त्यांचे खरे विद्वान मित्र माझ्यावर रागावतील. रब्बींचे ग्रंथ एकत्र बांधले गेले ते शुभवर्तमानांच्या नंतर. मग नंतरच्यावरून आधीचे कसे ओळखायचे? सर म्हणतात, “नातवाच्या फोटोवरून आजोबांच्या नाकाचा अंदाज करता येतो. पण कोर्टात शपथ घेता येत नाही.” एखादा मुद्दा त्यांच्या बाजूचा असला, तरी तो नातवाचा आहे का आजोबांचा, हे ते आधी सांगतात. मालात खोट असेल तर गिऱ्हाईकाला आपणहून दाखवणारा दुकानदार मी गांधीबागेत पाहिला नाही. मी स्वतः धरून.

माझ्या बायपासच्या वेळची गोष्ट. ऑपरेशन चांगले झाले, पण माझा जीव कशातच लागेना. जेवण नको, बोलणे नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “आराम करा, सगळं ठीक होईल,” आणि प्रत्येकाबरोबर मी आणखी थोडा भिंतीकडे सरकायचो. सर आले. तब्येतीचे विचारलेच नाही. खुर्ची ओढून म्हणाले, “मधुभाऊ, रब्बी सांगतात की आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. द्या माझा हिस्सा, मला घाई आहे.”

मी तोंड फिरवले नाही. पण डोके थोडेच बंद असते? मी भिंतीलाच म्हटले, “मग साठ जणं बोलवा. संध्याकाळी घरी जातो.”

“वा! हाच आक्षेप त्यांच्यातही निघाला होता! उत्तर असं आहे, की दुसरा माणूस उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो. तिसरा त्यातून उरलेल्याचा.”

“म्हणजे दुखनं कधी सरनारच नाही? हे कोणतं माप झालं?” मी कूस बदलली.

मग सरांनी शेवटचा डाव टाकला. शुभवर्तमानात एक दाखला आहे, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही. सर म्हणाले, “मला तर तो दाखला पटतच नाही. लावलं ठिगळ, तर काय होते? काहीच होत नाही.”

“कसं काई होत नाही?” मी उठून बसलो. नळ्या, सलाईन, सगळ्यासकट. “पहिल्या धुण्यात कोरं कापड आटते! जुनं फाडून घेते! तुम्हाले काय समजते कपड्यातलं?”

नर्स धावत आली. माझी बायको रडायला लागली, आणि सर तिला सांगत होते, “वहिनी, भात आणा आता. खातील.” मी खाल्ला. ठिगळाचा दाखला सरांना पटत नाही हे साफ खोटे होते, ते मला घरी आल्यावर समजले. तोवर माझा साठावा हिस्सा घेऊन माणूस केव्हाच निघून गेला होता.

आता वर्ग बंद पडण्याची गोष्ट.

आमच्या हकिगतीतले मोठे पात्र म्हणजे साळवे भाऊ. रेल्वेतून निवृत्त, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, आवाज इंजिनाच्या शिट्टीसारखा. गुड फ्रायडेच्या आधी चर्चमध्ये नाटिका होते. तिच्यात साळवे भाऊ वर्षानुवर्षे परूशी होतात. परूशी म्हणजे त्या काळचे धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे ज्यू लोक. पुढचे रब्बी त्यांच्याच वळणातले. नाटिकेत मात्र परूशी म्हणजे खलनायक. काळी दाढी, तिरपी नजर, आणि साळवे भाऊंचे ते हसणे! आधी घशात, मग पोटात, मग छताला. त्या हसण्यासाठी दुसऱ्या चर्चची माणसे येत.

त्या वर्षी नाटिका बसवायचे काम सरांकडे आले. सरांनी परूश्याचे हसणे काढून टाकले आणि त्या जागी एक प्रश्न घातला. विश्रांतीच्या पवित्र दिवशी, शब्बाथाला, येशूचे भुकेले शिष्य शेतातून जाताना कणसे तोडून खातात. परूश्याने फक्त विचारायचे, ‘आज हे का करता?’ तेही मनापासून.

साळवे भाऊंनी दाढी टेबलावर आपटली. “माहं हसनंच काढून टाकलं? मग लोकायनं पाहायचं काय, माहं टक्कल?”

पंधरवड्यात कमिटीपुढे ठराव आला. बुधवारच्या वर्गात परूश्यांची बाजू घेतली जाते, भाविकांच्या मनात संशय पेरला जातो, आरडाओरडा होतो, बाहेरची माणसे येतात, सबब हॉल बंद करावा.

सर त्या आठवड्यात ओट्यावर माझ्याशी भांडले नाहीत. मी मुद्दाम चुकीचे बोललो, तरी “असेल” म्हणाले. वहिनींनी मला आत बोलावले. “भावजी, हे कालपासून माह्याशी पन गोड बोलून राहिले. माहा जीव घाबरते. थो वर्ग गेला तर हे बसतीन कोनाजवळ?” सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून भांडण काढून घेणे म्हणजे काय, ते मला वहिनींच्या चेहऱ्यावर दिसले.

रविवारची उपासना आटोपल्यावर हॉलमध्ये सभा भरली. बाहेर मंडपात पुलाव तयार होता. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, अध्यक्ष. अतिशय सज्जन माणूस, कोणाचा आवाज चढला की डोळे मिटून घेतात. त्या दिवशी बराच वेळ त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

साळवे भाऊंनी सुरुवात माझ्यापासून केली. “हे गांधीबागचे सेठ. चर्चमंधी यायचं काय काम आहे? गिऱ्हाईक पाहाले येते का?”

“भाऊ, तुमच्या अंगावरचा शर्ट माह्याच दुकानचा आहे,” मी म्हणालो. “मी फक्त धुतल्यावर आटला का, ते पाहाले येतो.”

हॉल हसला. साळवे भाऊ हसले नाहीत. ते सरांकडे वळले. “सर, गोल गोल नका फिरवू. परूशी वाईट होते का नाही? हो का नाही, बस.”

‘हो’ म्हटले तर वर्ग वाचत होता. एका अक्षराचे काम. सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “साळवे भाऊ, इतकी वर्षं तुम्ही परूशी झालात. त्या माणसाला पाहिजे काय होतं?”

“मले काय माहीत? मले तं हसायचंच राहे.”

“मग आज हसू नका. हे शेत. ते तिघं-चौघं कणसं तोडून राहिले. शब्बाथाचा दिवस आहे. तुम्ही मागून आलात, पाहिलं. आता बोला.”

साळवे भाऊ तसे जातिवंत नट. जागा मिळाली की अंगात येते. दोन पावले पुढे आले, कंबरेवर हात ठेवला, हसण्यासाठी छाती भरली आणि थांबले. मग शिट्टीच्या नव्हे, साध्या आवाजात बोलले.

“पोरंहो, आजच्या दिवशी काहून तोडता? आज दोन कनसं तोडान, उद्या विळा आनान, परवा बैलगाडी आनान. मग हा दिवस उरंन का? माह्या बापानं…” ते अडखळले. नाटक तिथेच संपले होते, पण ते थांबले नाहीत. “माहा बाप मिलमंधी होता. रविवारी कामाले येत नाही म्हने. मुकादमानं शिव्या देल्ल्या, नाही गेला. उपासनेले नेलं आमाले, अनवानी. पोट भरलं नसंन, पन थो दिवस आमचा होता. कोनाच्या बापाचा नव्हता.”

सर त्यांच्याजवळ गेले.

सरांनी हळू आवाजात विचारले, “हा माणूस वाईट आहे का, भाऊ?”

साळवे भाऊंनी रुमाल काढला. “नाही.” मग लगेच मान ताठ केली. “पन चुकला! भुकेल्याले खाऊ द्याले पायजे होतं!”

“का चुकला?” सरांनी टेबलावर मूठ आपटली. आठवडाभराने तो आवाज पुन्हा ऐकला. “येशू म्हणतो, शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही! रब्बीही म्हणतात, शब्बाथ तुमच्या हवाली आहे, तुम्ही शब्बाथाच्या नाही! जीव जात असेल तर दिवस मोडा, हे त्यांनाही मान्य! दोघं जवळपास एकच बोलतात! मग वाद कशाचा? सांगा!”

“भुकेचा! मरत होते का नुसते भुकेले होते, त्याचा!” साळवे भाऊ ओरडले.

“अन् शेत कोणाचं होतं?” देवतळे काका मागून उठले. “मालकाची संमती होती का?”

दारातून वहिनींचा आवाज आला. “त्याले कायची संमती? आमच्या कुहीकडं वाटंनं जानाऱ्यानं हरभऱ्याचे दोन डहाळे उपटले, तं कोनी काई म्हनत नाही. ओटी भरली, तं चोर.”

“शास्त्रातही तसंच आहे!” सर ओरडले. “हातानं तोडा, विळा लावू नका! म्हणजे भांडण चोरीचं नाही, दिवसाचंच आहे! साळवे भाऊ, बसा समोर!”

साळवे भाऊ समोर बसले. मग जे झाले त्याला सभा म्हणत नाहीत. खजिनदार महिला मंडळाच्या अध्यक्षांशी भांडत होते, देवतळे काका कोणाशीही. मंडपातून दोनदा निरोप आला, की पुलाव निवून राहिला. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, थोडा वेळ पाहिले, आणि स्वतःच उभे राहून म्हणाले, “माझं थोडं वेगळं मत आहे.” त्यांच्या तोंडून हे वाक्य चर्चने पहिल्यांदा ऐकले.

बऱ्याच वेळाने साळवे भाऊ घाम पुसत म्हणाले, “हे मात्र बरोबर आहे, सर…”

“चिवडा!” अख्खा हॉल ओरडला.

ठरावाचे काय, असे शेवटी कोणीतरी विचारले. पाळकसाहेबांनी नोंद सांगितली, “चर्चा अपूर्ण. निर्णय होईपर्यंत वर्ग चालू ठेवावा.” सर खुश झाले, कारण रब्बींचीही तीच रीत आहे. जो वाद सुटत नाही तो ते खोडत नाहीत आणि मिटवतही नाहीत. तसाच उभा ठेवतात, पुढच्यांसाठी. पुलाव आम्ही थंडच खाल्ला. इतका चांगला पुलाव मी पुन्हा खाल्ला नाही.

पुढच्या बुधवारी साळवे भाऊ चिवड्याचा डबा घेऊन सर्वांच्या आधी हजर होते. आता ते वर्गाचे सर्वांत कडक आक्षेपक आहेत. नाटिकेत ते तो प्रश्नच विचारतात, आणि असा विचारतात, की माणसे खाली पाहतात. लहान मुलांनी मात्र कुरकूर केली. म्हणून तडजोड झाली. पडदा पडल्यावर दाढी काढून भाऊ एकदा ते जुने हसणे हसून दाखवतात. सर त्याला टाळ्या वाजवतात. दरवर्षी नवी कमिटी बसते, जुना ठराव वाचला जातो, आणि साळवे भाऊ स्वतः उठून सांगतात, “थांबा, अजून चर्चा व्हायची आहे.”

सरांबद्दल चांगले लिहायचे म्हणून बसलो, आणि आता मागे वळून पाहतो तर हा सगळा लेख म्हणजे एक लांबलचक ‘बरोबर आहे, सर’ झाला आहे. चिवडा मी आणतो, दंड मान्य. पण वर्गाची अब्रू राखण्यासाठी एक आक्षेप इथेच नोंदवतो.

तो गोंड्याचाच आहे. ती बाई शिवली, तेव्हा येशूने गर्दीत विचारले, मला कोण शिवले? सरांचे म्हणणे, येशूला खरेच माहीत नव्हते. प्रश्न तो प्रश्नच. माझे म्हणणे, माहीत होते. घाबरून लपलेल्या बाईला चारचौघांत मानाने उभे करायचे होते, म्हणून विचारले. गांधीबागेतल्या त्या दुपारपासून आम्ही या एका ओळीवर बसलो आहोत. सर हटत नाहीत, आणि मी कापडवाला आहे. मागच्या बुधवारी सरांनी नवीन पुरावा काढला. मी म्हटले, हा नातवाचा फोटो आहे. सर हसले, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

ज्यू लोक एकमेकांना एकशेवीस वर्षांच्या आयुष्याची दुवा देतात. आपल्याकडे शंभरावर भागवतात. मी आयुष्यभर मापावर बोटभर कापड जास्तच सोडत आलो. तेव्हा सर, मोठे माप घ्या, आणि वर बोटभर माझ्याकडून. गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच राहो, एस्तेरवहिनींच्या हातचा चहा आणि त्यांची बोलणी दोन्ही वेळेवर मिळोत, आणि तुमच्याशी गोड बोलणारा माणूस तुमच्या वाट्याला कधी न येवो.

जायची घाई तुम्हाला करता येणार नाही. ती ओळ अजून सुटलेली नाही. चर्चा अपूर्ण आहे, आणि निर्णय होईपर्यंत वर्ग चालू ठेवावा, असे कमिटीने लिहून ठेवले आहे.